निरोगी माणसांमधले विषाणू : नागपुरात पहिला अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंकडे मी पहिल्यांदा लाळेचा नमुना मागायला गेले, तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "अगं, पण मला काहीच झालेलं नाही. मग माझी थुंकी कशाला हवी तुला?" त्यांचा प्रश्न रास्त होता. आपल्या भागात विषाणू म्हटलं की आजारच आठवतो. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून एक विषाणू वेगळा काढला गेला आणि गावाचं नाव त्याला कायमचं चिकटलं. मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली की ते नाव आजही पेपरात येतं. नंतर कोविडने घराघरात भीती शिरवली.

पण ठणठणीत माणसाच्या अंगातही विषाणू असतात, आणि प्रचंड संख्येने असतात. एक ग्रॅम मलात साधारण एक अब्ज विषाणूकण सापडतात. त्यातले बहुतेक 'फेज', म्हणजे जिवाणूंना गाठणारे; माणसाच्या पेशीशी त्यांचं देणंघेणं नाही. १९९७ मध्ये जपानमधल्या एका रुग्णात सापडलेला टॉर्क टेनो विषाणू जगातल्या बहुसंख्य निरोगी लोकांच्या रक्तात असतो, आणि त्याच्यामुळे कुठला आजार होतो हे आजवर सिद्ध झालेलं नाही. त्वचेवर पॅपिलोमा विषाणूंचे कितीतरी प्रकार गुपचूप राहतात. या सगळ्या वस्तीला 'व्हायरोम' म्हणतात.

हा अभ्यास मी विद्यार्थी म्हणून सुरू केला तेव्हा रीतसर सांगणारं कुणी नव्हतं. प्रयोगाची कृती शोधनिबंधांत मिळते. परवानगी कुठून घ्यायची, मे महिन्यात नमुना कसा न्यायचा, आणि सापडलेला विषाणू खरंच त्या माणसाचा आहे की डीएनए काढायच्या आपल्या किटमधला, हे मात्र मला चुका करत शिकावं लागलं. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात हा विषय घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

१. प्रश्न लहान ठेवा

"नागपूरकरांचा व्हायरोम" असा विषय घेऊ नका. तो पेलणार नाही. दोन गोष्टी आधीच माहीत आहेत, त्यांचा फायदा घ्या. एक, प्रत्येकाचा व्हायरोम वेगळा असतो. २०१० मध्ये जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासात त्यांच्याही आतड्यातले विषाणू एकमेकांशी फारसे जुळले नाहीत. दोन, एकाच माणसात तो बराच टिकून राहतो. एका निरोगी व्यक्तीचा अडीच वर्षं पाठपुरावा केला तेव्हा आतड्यातले सुमारे ८० टक्के विषाणूप्रकार शेवटपर्यंत होते.

यावरून माझं मत असं : शंभर लोकांचा एकेकच नमुना घेण्यापेक्षा दहा लोकांचे तीन-तीन नमुने घ्या. शंभर लोकांत एवढा फरक असतो की त्यातून काही हाती लागत नाही. दहा जणांत निदान "उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात काय बदललं" हे तरी विचारता येतं.

शरीराचा भागही एकच निवडा. पहिल्यांदा लाळ किंवा मल घ्या, कारण त्यात विषाणूंचं प्रमाण भरपूर असतं. त्वचेच्या स्वॅबवर इतका कमी ऐवज मिळतो की किटमधली अशुद्धी खऱ्या नमुन्यावर मात करते. रक्तासाठी सुई लागते, सुईसाठी प्रशिक्षित माणूस लागतो आणि लोकांची तयारी निम्म्यावर येते. ही दोन्ही कामं दुसऱ्या प्रकल्पासाठी ठेवा.

२. एथिक्स कमिटी : नमुन्याआधी कागद

एथिक्स कमिटी म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी समिती. तिच्या मंजुरीपूर्वी घेतलेला एकही नमुना वापरता येत नाही. अगदी स्वतःच्या लाळेचाही. "आधी एक-दोन करून बघू" म्हणून घेतलेले नमुने शेवटी टाकून द्यावे लागतात.

भारतात यासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय नीतिमार्गदर्शक तत्त्वं पायाभूत आहेत. वाचायला मोठी आहेत, पण संमती, लहान मुलं आणि जैविक नमुने ही प्रकरणं तरी पूर्ण वाचाच. तुमच्या कॉलेजमध्ये नोंदणीकृत एथिक्स कमिटी नसेल, तर ज्या संस्थेत आहे तिथल्या मार्गदर्शकांना सोबत घ्या. नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स अशी मोठी रुग्णालयं आणि नीरीसारखी संशोधन संस्था असल्याने आपण नशीबवान आहोत. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने एक डॉक्टर सहमार्गदर्शक म्हणून जोडून घ्यावा. कमिटी पहिल्याच बैठकीत ते विचारते.

फाइलमध्ये साधारण हे लागतं :

- संशोधन आराखडा आणि त्याचा एक पानी सोप्या भाषेतला गोषवारा
- सहभागी माहितीपत्रक आणि संमतीपत्र : मराठी, हिंदी आणि इंग्रजी
- भाषांतर बरोबर असल्याचा दाखला
- प्रश्नावली (आहार, औषधं, पाणी, पाळीव प्राणी)
- मार्गदर्शकांचे आणि तुमचे बायोडेटा
- विभागप्रमुखांचं परवानगीपत्र
- खर्चाचा अंदाज आणि पैसे कुठून येणार ते
- नमुने दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जाणार असतील तर त्यांच्याशी केलेला करार
- उरलेल्या नमुन्याचं पुढे काय करणार, याचा स्पष्ट परिच्छेद

परदेशी संस्था सहभागी असेल किंवा नमुना देशाबाहेर जाणार असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची वेगळी मंजुरी लागते. पहिल्या प्रकल्पात हे टाळा.

संमतीपत्राची भाषा हा स्वतंत्र विषय आहे. माझ्या पहिल्या मसुद्यात "विषाणुजन्य जनुकीय सामग्रीचे पृथक्करण" असं वाक्य होतं. एका काकांनी ते तीनदा वाचलं आणि कागद परत दिला. दुसऱ्या मसुद्यात लिहिलं, "तुमच्या थुंकीत कोणकोणते विषाणू राहतात ते आम्ही मशीनवर बघणार आहोत. निरोगी माणसातही विषाणू असतात. ही आजाराची तपासणी नाही." त्यानंतर कुणी कागद परत केला नाही. वाचता येत नसेल त्या व्यक्तीला संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही घ्या. मुलांचे नमुने असतील तर पालकांची संमती लागतेच. शिवाय ७ ते ११ वयाच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ मध्ये लेखी होकार घ्यायचा असतो.

आणि एक प्रश्न कमिटीने विचारण्याआधी तुम्हीच सोडवा : तपासताना एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी चे तुकडे दिसले तर? २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि गोपनीयता पाळावीच लागते. आमच्या गटाने मार्ग असा काढला की अशा विषाणूंचा शोध विश्लेषणातच घ्यायचा नाही, त्यांचे तुकडे सुरुवातीलाच गाळायचे, आणि हे संमतीपत्रात स्वच्छ लिहायचं. दुसरा मार्ग म्हणजे समुपदेशन आणि रीतसर खात्रीची चाचणी यांची सोय करूनच असे निष्कर्ष कळवायचे. कुठलाही मार्ग घ्या, पण आधी ठरवा.

३. "निरोगी" म्हणजे कोण?

हे लिहून ठेवलं नाही तर शेवटी कुणाशीच तुलना करता येत नाही. आम्ही घेतलेल्या अटी : गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक नाही, दोन आठवड्यांत ताप किंवा जुलाब नाहीत, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू नाहीत. अँटिबायोटिकची अट शोभेची नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधाने जिवाणूंच्या डीएनएला इजा झाली की त्यांच्या जनुकसंचात दडून बसलेले फेज जागे होऊन बाहेर पडतात आणि सगळं चित्र पालटतं. "गोळी घेतली का?" असं विचारलं तर लोक नाही म्हणतात. "मेडिकलमधून सर्दी-खोकल्याचं काही आणलं होतं का? पाकीट आहे का?" असं विचारा.

घरात तान्हं बाळ आहे का, हेही विचारा. पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसची लस यांत जिवंत, दुबळे केलेले विषाणू असतात आणि ते बाळाच्या शीतून बाहेर पडतात. हे माहीत नसेल तर मोठ्यांच्या नमुन्यात लसीचा विषाणू दिसल्यावर तुमची धांदल उडेल.

आपल्याकडे खर्रा वगळून लाळेचा अभ्यास होऊच शकत नाही. खर्रा खाणाऱ्याची लाळ रंगीत आणि चिकट येते, त्यातल्या सुपारी-तंबाखूमुळे पुढच्या रासायनिक क्रियाही अडतात. अशा लोकांना वगळा किंवा त्यांचा स्वतंत्र गट करा, पण नोंद घ्याच.

आहाराचा रकाना तर सोडूच नका. २००६ मध्ये निरोगी लोकांच्या मलातले आरएनए विषाणू तपासले तेव्हा सर्वांत जास्त निघाला तो मिरचीच्या झाडाचा एक विषाणू, पेपर माइल्ड मॉटल. कोरड्या मलाच्या एका ग्रॅममध्ये एक अब्जापर्यंत कण! तो मिरचीच्या पदार्थांतून पोटात जातो आणि तसाच बाहेर पडतो. भिवापुरी मिरची आणि सावजी रस्सा जिथे रोजचा, तिथे "काल काय खाल्लं" हा प्रश्न विषाणुशास्त्राचाच भाग आहे.

४. नमुना घेणं आणि उन्हातून नेणं

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत जमलं तर नमुने घेऊच नका. पारा ४५ च्या पुढे जातो, दुचाकीच्या डिकीत त्याहून जास्त. उन्हाळ्याचीच तुलना करायची असेल तर सकाळी आठच्या आत काम आटपा.

लसीकरणाला वापरतात तो व्हॅक्सिन कॅरिअर उत्तम. थर्माकोलच्या डब्यापेक्षा कितीतरी भरवशाचा. आइस पॅक आदल्या रात्रीच गोठवा. लाळ घेताना आधी किमान अर्धा तास चहा, नाश्ता, ब्रश काहीही नको. निर्जंतुक नळीत आपोआप साठलेली लाळ सोडायला सांगा, खाकरून नको. खाकरलं की घशातला कफ येतो. दोन ते पाच मिलिलिटर पुरे.

कोविडकाळात नागपूरच्या नीरीने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर आरटी-पीसीआरची पद्धत बसवली होती. लोकांना ती आठवते. "तसंच सोपं आहे, नाकात काडी घालणार नाही," एवढं म्हटलं की चेहरा सैल होतो.

नमुना प्रयोगशाळेत पोचला की लगेच छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० च्या फ्रीझरमध्ये ठेवा. सबंध नमुना एकाच नळीत ठेवला तर दर वेळी वितळवावा लागतो आणि विषाणू फुटतात. आणि फ्रीझरला जनरेटरची लाइन जोडलेली आहे का, हे स्वतः जाऊन बघा. "आहे" असं कुणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका. एका सुट्टीच्या दिवशी लाइट गेली आणि माझ्या अकरा नळ्या पाणी झाल्या. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याची एक वाटणी मी दुसऱ्या इमारतीतल्या फ्रीझरमध्ये ठेवते.

हाताळणाऱ्या प्रत्येकाने हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली असावी. उरलेला नमुना आणि टिप्स ऑटोक्लेव्ह करूनच (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करूनच) जैववैद्यकीय कचऱ्यात द्यायच्या, २०१६ च्या नियमांत तसं बंधन आहे.

५. विषाणू वेगळे करणं

नमुन्यात माणसाच्या पेशी आणि जिवाणू यांचा डीएनए इतका असतो की विषाणूंचा त्यात हरवून जातो. म्हणून आधी गाळणं. क्रम साधारण असा : नमुना मीठ-मॅग्नेशियमच्या बफरमध्ये विरघळवा, सेंट्रिफ्यूजमध्ये गाळ खाली बसवा, वरचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा, पीईजी ८००० (विषाणूंना एकत्र खाली बसवणारं रसायन) आणि मीठ घालून रात्रभर चार अंशांवर ठेवा, सकाळी विषाणूंचा साका खाली बसवा, मग डीएनेज एन्झाइम घालून बाहेर मोकळा फिरणारा डीएनए खाऊ द्या. विषाणूचा स्वतःचा डीएनए कवचाच्या आत सुरक्षित राहतो. शेवटी कवच फोडून डीएनए-आरएनए काढा.

प्रत्येक पायरीवर काहीतरी गमावता, ते कळून गमवा. ०.२२ चा फिल्टर घेतला तर मोठे विषाणू अडकतात, ०.४५ घेतला तर बारीक जिवाणू निसटतात. क्लोरोफॉर्म वापरला तर चरबीचं आवरण असलेले विषाणू नष्ट होतात. फक्त डीएनए काढला तर वर सांगितलेला मिरचीचा विषाणू दिसणारच नाही, कारण तो आरएनएचा. एकच परिपूर्ण पद्धत नाही. एक निवडा आणि सगळ्या नमुन्यांना अगदी तीच लावा.

डीएनेज झाल्यावर १६एस पीसीआर (जिवाणूंचं खास जनुक शोधणारी चाचणी) करून जिवाणूंचा डीएनए उरला का ते तपासा. पट्टी आली तर पुढे जाऊ नका.

डीएनए कमी मिळाला की फाय-२९ एन्झाइमने वाढवायचा मोह होतो. हे एन्झाइम लहान, गोल, एकपदरी डीएनए बेसुमार वाढवतं. टॉर्क टेनोसारखे विषाणू मग राक्षसासारखे दिसतात. ते वापरलंत तर "हा विषाणू आहे" एवढंच म्हणा, "किती आहे" म्हणू नका.

६. ब्लँक नळी

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या.

ब्लँक म्हणजे नमुन्याऐवजी निव्वळ बफर घातलेली नळी, जी पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत बाकीच्यांबरोबर जाते. माझ्या पहिल्या तुकडीत पैसे वाचवायला मी ब्लँक सीक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचायला, पाठवलीच नाही. बारापैकी नऊ जणांत एक लहान गोल विषाणू आला. तीन महिने मी त्याच्या मागे होते. नागपूरच्या पाण्याशी नातं जोडत कन्हान-पेंचचा नकाशाही काढून झाला होता. दुसऱ्या तुकडीत ब्लँक पाठवली, आणि त्यातही तोच विषाणू, तितकाच. तो आमच्या किटमधून आला होता. तीन महिन्यांचं विश्लेषण बाद झालं, आणि त्या बारा नमुन्यांचा दुसऱ्यांदा खर्च करावा लागला.

हे मोठमोठ्यांच्या बाबतीतही घडलं आहे. २०१३ मध्ये हिपॅटायटिसच्या रुग्णांत सापडलेला एक नवा पार्व्होसारखा विषाणू प्रत्यक्षात डीएनए काढायच्या सिलिका कॉलममधून आल्याचं उघड झालं. त्याआधी २००९ मध्ये दीर्घ थकव्याच्या आजाराशी जोडला गेलेला एक्सएमआरव्ही हा विषाणू प्रयोगशाळेतली भेसळ निघाला आणि २०११ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला.

माझे नियम आता असे आहेत. दर सात-आठ नमुन्यांमागे एक ब्लँक. एक ब्लँक घरोघरी फिरून आलेली, म्हणजे नमुना घेतानाच उघडून बंद केलेली नळी. एक किटची. किटचा लॉट नंबर वहीत. एका व्यक्तीचे तिन्ही नमुने एकाच तुकडीत, पण क्रम चिठ्ठ्या टाकून. उन्हाळ्याचे सगळे एका लॉटने आणि पावसाळ्याचे दुसऱ्या लॉटने केलेत तर तुम्हाला ऋतू नाही, किट दिसेल. शिवाय माणसात सहसा नसणारा एखादा ओळखीचा फेज ठरावीक संख्येने प्रत्येक नळीत घाला; तो शेवटी किती उरला यावरून प्रक्रियेत किती गळती झाली ते कळतं.

मार्गदर्शक म्हणतील, "ब्लँकवर कशाला पैसे घालवतेस?" त्यांना नम्रपणे सांगा की ब्लँक बसत नसेल तर आपण दोन सहभागी कमी करू.

७. सीक्वेन्सिंगला पाठवताना

आपल्यापैकी बहुतेक जण बेंगळुरू, हैदराबाद किंवा पुण्याच्या खासगी प्रयोगशाळेत पाठवतात. शक्यतो मानवी नमुना पाठवू नका, काढलेला डीएनए पाठवा. कुरिअरची कटकट कमी. मूळ नमुनाच पाठवावा लागला तर तिहेरी पॅकिंग आणि यूएन ३३७३ ची (आत जैविक नमुना असल्याची) खूण लागते. शुक्रवारी काहीही पाठवू नका, पार्सल रविवारभर गोदामात पडतं.

कोटेशन मागताना तीन गोष्टी लेखी घ्या : प्रत्येक नमुन्याला किमान किती रीड्स (यंत्राने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे) मिळतील, कच्चा डेटा पूर्ण देणार का, आणि फाय-एक्स मिसळणार का.

८. संगणकावर

फाय-एक्स का विचारायचं? सीक्वेन्सिंगचं इल्युमिना यंत्र तपासायला त्यात फाय-एक्स १७४ चा डीएनए घालतात, आणि हा स्वतःच एक फेज आहे. १९७७ मध्ये संपूर्ण वाचला गेलेला पहिला डीएनए जनुकसंच त्याचाच, ५,३८६ अक्षरांचा. तो गाळला नाही तर प्रत्येक नवखा माणूस "सगळ्यांत एकच फेज सापडला" म्हणून उड्या मारतो.

क्रम : फास्टक्यूसीने प्रत तपासा, फाय-एक्स काढा, बोटाय-२ ने माणसाचे रीड्स काढा, मेगाहिटने तुकडे जोडा, जीनोमॅडने विषाणू ओळखा, चेकव्हीने ते किती पूर्ण आहेत ते बघा, व्हायरोमक्यूसीने जिवाणूंची भेसळ मोजा. सगळी साधनं फुकट आहेत. साध्या लॅपटॉपवर जोडणीची पायरी अडते. विद्यापीठाच्या किंवा मार्गदर्शकांच्या सर्व्हरवर आधीच खातं मागून ठेवा.

"रेट्रोव्हायरस (एचआयव्हीच्या कुळातला विषाणू) सापडला" असं दिसलं तर थांबा. आपल्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन रेट्रोव्हायरसांचे अवशेष आहे. उंदराच्या रेट्रोव्हायरसचे तुकडे आरएनए वाचायच्या एन्झाइममधूनही येतात. चार-दोन रीड्सवरून कुठल्याही विषाणूचं नाव घेऊ नका. जोडलेल्या तुकड्याची निदान ७५ टक्के लांबी रीड्सनी झाकली गेली तरच तो त्या नमुन्यात आहे असं धरा.

बराचसा भाग कशाशीच जुळणार नाही. त्याने निराश होऊ नका आणि तो फेकूही नका. क्रॅसफेज हा जगभरच्या माणसांच्या आतड्यात आढळणारा, सुमारे ९७ हजार अक्षरांचा फेज २०१४ पर्यंत जुन्या, आधीच गोळा झालेल्या डेटात कुणाला न दिसता पडून होता. प्रयोगशाळेत त्याच्या कुळातला पहिला वाढवता आला तो २०१८ मध्ये.

प्रसिद्धीपूर्वी डेटा जमा करताना माणसाचे रीड्स काढून टाकलेला संचच द्या. आपल्या देशाचं भांडार आता फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहे.

९. लोकांकडे परत जाणं

दुसऱ्या आणि तिसऱ्या नमुन्यासाठी त्याच दारात पुन्हा उभं राहायचं असतं, म्हणून पहिल्या फेरीनंतर रिकाम्या हाताने जाऊ नका. मी मोठ्या अक्षरात एक पान छापून नेते : लोकांच्या लाळेत साधारण किती प्रकारचे विषाणू दिसतात, त्यातले बहुतेक जिवाणूंवर जगणारे आहेत, याचा अर्थ तुम्हाला आजार आहे असा होत नाही. आकडे गटाचे, कुणाचंही नाव नाही. काकूंनी ते पान वाचून विचारलं, "म्हणजे हे जाणारच नाहीत का?" मी सांगितलं की बहुतेक राहतील, आणि राहतात का तेच बघायला मी पावसाळ्यात पुन्हा येणार आहे. त्यांनी तारीख कॅलेंडरवर लिहून घेतली.

त्याच पानाच्या खाली तुमचा आणि एथिक्स कमिटीच्या सदस्य-सचिवांचा संपर्क छापा, आणि सहभागातून कधीही बाहेर पडता येतं हे वाक्य पुन्हा एकदा. माझ्या दहा जणांपैकी एक जण दुसऱ्या फेरीनंतर बाहेर पडले. त्यांच्या उरलेल्या नळ्या मी त्याच आठवड्यात ऑटोक्लेव्ह केल्या आणि तशी चिठ्ठी त्यांना नेऊन दिली.